शेवंड, पाव आणि पितळेची पट्टी

काही पदार्थांची कृती पोस्टकार्डावर मावते. आपला दहीभात त्यातला. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचा 'लॉब्स्टर रोल' हाही त्यातलाच. उकडून गार केलेले लॉब्स्टरचे मांस, चमचाभर मेयॉनीज, लिंबाचे चार थेंब, चवीला मीठ. आणि हे सारे लोण्यावर भाजलेल्या मऊ पावात भरायचे. संपली कृती. फोडणी नाही, वाटण नाही, रात्रभर मुरवणे नाही. ज्याला चहा करता येतो, त्याला हा रोल करता यावा.

पण माझे म्हणणे असे की, पोस्टकार्डावरची ही कृती अर्धीच आहे. उरलेली अर्धी त्या लोकांनी स्वयंपाकघरात नव्हे, तर कायद्याच्या पुस्तकात आणि कोळ्यांच्या बोटीवर लिहून ठेवली आहे. आपल्याकडे आता परदेशी पदार्थांची नक्कल मोठ्या हौसेने होते. नक्कल जरूर करावी. पण या पदार्थाच्या बाबतीत पहिल्या अर्ध्या भागाची नव्हे, दुसऱ्याची करावी, असे मला वाटते. का, ते सांगण्यासाठी आधी रोलच करून पाहू.

माझी मुलगी बॉस्टनजवळ राहते. तिच्या ओट्यावर मी हा रोल तीन-चार उन्हाळ्यांत केला आहे. तिकडे मासळीच्या दुकानात काचेच्या टाकीत जिवंत लॉब्स्टर असतात, नांग्यांना रबरी पट्ट्या बांधलेल्या. आपली शेवंड आणि हा लॉब्स्टर एकमेकांचे लांबचे भाऊबंद. आपल्या शेवंडीला लांबलचक काटेरी मिशा असतात, पण मोठ्या नांग्या नसतात. तिचे मांस बहुतेक सारे शेपटीत. लॉब्स्टर थंड पाण्यातला, आणि त्याला दोन भक्कम नांग्या. त्याही जुळ्या नव्हेत. एक जाड, कवच चिरडणारी. दुसरी निमुळती, कापणारी. रोलची खरी गोडी या नांग्यांच्या आणि त्यांच्या सांध्यांतल्या मांसात आहे. शेपटीचे मांस चांगले असते, पण जरा घट्ट. म्हणून तिघांचे मिश्रण हवे. नुसत्या शेपटीचा रोल म्हणजे नुसत्या खोबऱ्याची करंजी.

एका रोलला साधारण सव्वा पौंडाचा, म्हणजे ५७० ग्रॅमच्या आसपासचा एक लॉब्स्टर लागतो. मोठ्या पातेल्यात पाणी घ्यावे, आणि ते समुद्राइतके खारट करावे: लिटरला दोन मोठे चमचे मीठ. पाणी खळखळले की लॉब्स्टर डोक्याकडून आत सोडावा, आणि पाणी पुन्हा उकळू लागल्यापासून आठ-नऊ मिनिटे मोजावीत. काळपट हिरवा लॉब्स्टर बघता बघता लालभडक होतो. तो रंग त्याच्या कवचात आधीपासून असतो. एका प्रथिनाने तो धरून ठेवलेला असतो, आणि उष्णतेने ती पकड सुटते. बाहेर काढल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात घालावा, नाहीतर आतल्या उष्णतेने तो शिजतच राहतो आणि मांस रबरासारखे होते.

मग कवच फोडायचे. आपल्याकडे ज्याने कुर्ल्या फोडून खाल्ल्या आहेत, त्याला हे शिकवावे लागत नाही. शेपटीतला काळा दोरा काढून टाकायचा. धडातला हिरवट गर काही लोक आवडीने खातात, पण त्यात समुद्रातली प्रदूषके साठतात, म्हणून मेनचे आरोग्य खातेच तो खाऊ नका असे सांगते. मांसाचे पेराएवढे तुकडे करायचे. खिमा करायचा नाही. पाणी निथळू द्यायचे, तासभर गार करायचे, आणि अगदी शेवटी मेयॉनीज लावायचे: एका रोलला एक मोठा चमचा. 'लावायचे' हाच शब्द बरोबर आहे, 'घालायचे' नव्हे. हवी तर सेलरीची बारीक चिरलेली एखादी दांडी, कुरकुरीतपणापुरती. कनेक्टिकटचे लोक मेयॉनीज लावतच नाहीत. ते गरम मांस वितळलेल्या लोण्यात घोळवतात, आणि तोच खरा रोल असे म्हणतात. तिथल्या मिलफर्ड गावात 'पेरीज' नावाच्या खाणावळीत १९२० च्या दशकात तो प्रथम मिळू लागला, असे सांगतात. मेनवाले थंड रोलवर ठाम. हा वाद कोल्हापूर आणि पुण्याच्या मिसळीच्या वादासारखाच आहे, आणि तितक्याच प्रेमाने जपलेला आहे.

पावाची गोष्ट मात्र आपल्याला चटकन कळेल. तिकडचा पाव एकमेकाला चिकटून भाजला जातो, आपल्या लादीपावासारखा. त्यामुळे सुटा केला की दोन्ही बाजू पांढऱ्या, मऊ, बिनकवचाच्या. त्याला चीर बाजूने नव्हे, वरून देतात. त्या दोन्ही पांढऱ्या बाजूंना लोणी लावून तो तव्यावर सोनेरी भाजायचा. इराण्याच्या हॉटेलात मस्का लावून शेकलेला पाव ज्याने खाल्ला आहे, त्याला पुढचे सांगायला नको. गरम कुरकुरीत पाव आणि आत गार, गोडसर मांस, एवढीच या पदार्थाची सारी करामत.

बॉस्टनच्या मराठी घरांत या रोलमध्ये हिरवी चटणी, चाट मसाला, लसूण वगैरे घालण्याचा मोह होतो. तो मला समजतो; पण मान्य नाही. मसाला वाईट म्हणून नव्हे. तिरफळ घालून केलेली शेवंडीची आमटी मला कोणत्याही रोलइतकीच प्रिय आहे. पण ती आमटी म्हणजे अनेकांचे बोलणे आहे, आणि हा रोल म्हणजे एकाचेच. तिथे दुसऱ्याने मध्ये बोलू नये. मसाल्याच्या पदार्थात मासळी थोडी कमीअधिक ताजी असली तरी सांभाळून जाते. इथे सांभाळणारे कोणी नाही. लॉब्स्टर ताजा, पुरता वाढलेला, भरल्या अंगाचा असेल तरच रोल. नाहीतर मेयॉनीजपाव.

ताजा म्हणजे जिवंत. लॉब्स्टर मेला की त्याच्या अंगातले जंतू आणि पाचक रस मांस झपाट्याने बिघडवतात, म्हणून तो अखेरपर्यंत जिवंत ठेवावा लागतो. म्हणजेच तो आपल्या हाताने मारावा लागतो. घरी रोल करण्यातला अवघड भाग हा आहे, पाव भाजणे नव्हे. अमेरिकेतले लेखक डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांनी २००४ साली 'गुर्मे' या खाद्यपदार्थांच्याच मासिकात या प्रश्नावर एक लेख लिहून पुष्कळ वाचकांच्या तोंडची चव घालवली होती. स्वित्झर्लंडने २०१८ पासून लॉब्स्टरला आधी बेशुद्ध केल्याशिवाय उकळत्या पाण्यात टाकायला बंदी केली. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात लॉब्स्टर, खेकडे यांना वेदना जाणवणाऱ्या प्राण्यांत धरले. आम्ही घरी लॉब्स्टर आधी अर्धा तास बर्फाच्या कपाटात ठेवतो. तो सुस्त होतो. त्याने सारा प्रश्न सुटतो असे मी म्हणणार नाही. पण दुकानात आयता रोल विकत घेणाऱ्याला जो प्रश्न पडतच नाही, तो घरी करणाऱ्याला पडतो. एका घासासाठी एक जीव जातो, हे एकदा हाताला कळले की त्या घासाचा हिशेब माणूस जरा नीट ठेवू लागतो.

हिशेबाचा विषय निघालाच आहे, तर मी आयुष्यभर बँकेत काढले, हे इथे सांगायला हरकत नाही. ५७० ग्रॅमच्या लॉब्स्टरमधून हाती येणारे मांस ११५ ते १३० ग्रॅम. म्हणजे पाचातला एक भाग. बाकीच्या कवचांचा उकडा काढून सार करता येते, ते सोडा. आणि हे सव्वा पौंड वजन कमवायला त्या प्राण्याला समुद्रात साधारण सहा-सात वर्षे लागतात. सहा-सात वर्षांची ठेव, आणि मोडायला आठ मिनिटे. अशी ठेव रोज हजारोंनी मोडत असताना खाते रिकामे का होत नाही? इथून त्या कृतीचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो.

ते एकदा रिकामे होत आले होते. एके काळी न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर लॉब्स्टर इतका मुबलक होता की तो गरिबाचे अन्न समजला जाई. गळाला आमिष म्हणून वापरला जाई. १८४० च्या दशकात मेनमध्ये लॉब्स्टर डब्यात भरण्याचे कारखाने निघाले. आधी मोठमोठे लॉब्स्टर डब्यात गेले, ते विरळ झाले तसे मध्यम, आणि पुढे पुढे अर्ध्या पौंडाची पिल्लेही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात धंदा पार बसला. या बसलेल्या धंद्यातून तिथले कोळी जे शिकले, ते मला पावातल्या लॉब्स्टरपेक्षा अधिक चविष्ट वाटते.

मेनच्या प्रत्येक लॉब्स्टरवाल्याच्या बोटीवर एक पट्टी असते, बहुधा पितळेची, हाताच्या पंजात मावेल एवढी. पिंजऱ्यातून आलेला लॉब्स्टर संशयास्पद वाटला की ती त्याच्या डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या शेवटापर्यंत लावायची. कवच सव्वातीन इंचांपेक्षा कमी भरले, तर लॉब्स्टर परत पाण्यात. त्याने अजून संसार मांडलेला नसतो. पाच इंचांपेक्षा जास्त भरले, तरीही परत पाण्यात. हा वरचा नियम १९३३ सालचा, आणि तोच खरा शहाणपणाचा. मोठा लॉब्स्टर सोडून देणे म्हणजे बाजारात सगळ्यांत जास्त भाव येईल तो माल आपल्या हाताने समुद्रात टाकणे. पण लहान मादी एका वेळी काही हजार अंडी धरते, तर मोठी थोराड मादी लाखाच्या घरात. ही म्हातारी म्हणजे त्या खात्यातले मुद्दल. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर जगायचे.

अंडी धरलेली मादी मिळाली, तर ती मोजायचीही नाही. तिच्या शेपटीच्या एका वल्ह्यात छोटी त्रिकोणी खाच करून तिला सोडायचे. मादीवर खूण करून तिला सोडण्याची ही पद्धत मेनमध्ये १९१७ पासूनची. ती खाच दिसेल तोवर पुढचा कोणताही कोळी, तिच्या पोटाशी अंडी नसली तरी, तिला धरू शकत नाही. ज्याने खाच केली त्याला तिचा फायदा बहुधा कधीच मिळत नाही. तो कुणाला तरी मिळतो. अनोळखी माणसासाठी केलेली अशी सही मी बँकेच्या चेकवरही पाहिली नाही.

शिवाय लॉब्स्टर फक्त पिंजऱ्यानेच धरायचा. जाळे तळावरून ओढून धरलेला लॉब्स्टर मेनच्या बंदरावर उतरवता येत नाही. एका परवान्याला जास्तीत जास्त ८०० पिंजरे. पिंजऱ्याला लहान लॉब्स्टरना निसटण्यासाठी खिडकी हवी, आणि एक झडप अशी हवी की दोर तुटून पिंजरा हरवला तर ती काही काळाने कुजून गळून पडावी. नाहीतर मालक नसलेला पिंजरा तळाशी वर्षानुवर्षे जीव घेत बसेल. परवान्याच्या मालकाने स्वतः बोटीवर असले पाहिजे. कचेरीत बसून बोटी फिरवणारा शेठ इथे चालत नाही. १९९५ च्या कायद्याने किनाऱ्याचे सात विभाग झाले, आणि पिंजऱ्यांची मर्यादा आणखी खाली आणायची का, हे त्या-त्या विभागातले परवानेधारक मतदानाने ठरवू लागले. जेम्स अ‍ॅचेसन या मानववंशशास्त्रज्ञाने १९८८ च्या आपल्या पुस्तकात या कोळ्यांच्या टोळ्यांचे, त्यांच्या अलिखित हद्दींचे आणि हद्द मोडणाऱ्याचे दोर कापण्याच्या रीतीचे वर्णन केले आहे. सर्वांच्या मालकीची वस्तू सर्वजण मिळून ओरबाडतातच, हे गृहीतक खोडून काढणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या म्हणण्याचा पुरावा हवा असेल, तर मेनच्या बोटीवरची ती पट्टी पुरेशी आहे.

फळ काय मिळाले? २०१६ साली मेनच्या बंदरांत १३ कोटी पौंडांहून जास्त लॉब्स्टर उतरला. तो उच्चांक. सगळे श्रेय पट्टीला देणे मात्र खोटे होईल. लॉब्स्टरची पिल्ले खाणारा कॉड मासा माणसाने आधीच संपवत आणला होता, आणि मेनच्या आखातातले पाणी काही काळ लॉब्स्टरला मानवेल इतपत कोमट होत गेले. पुढे तेच पाणी अधिक तापत चालले आहे. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत आवक १० कोटी पौंडांच्या खाली राहिली. दक्षिणेकडे, लाँग आयलंडच्या खाडीत, १९९९ साली लॉब्स्टरचा असा संहार झाला की तिथला धंदा अजून उठलेला नाही. शिवाय पिंजऱ्यांच्या उभ्या दोरांत 'राइट व्हेल' नावाचे दुर्मीळ देवमासे अडकतात, म्हणून २०२२ साली कॅलिफोर्नियातल्या माँटेरी बे मत्स्यालयाने अमेरिकन लॉब्स्टर 'टाळावा' अशा यादीत टाकला. मेनचे कोळी त्यावर फार संतापले. तेव्हा तिकडे रामराज्य आहे असा कोणी समज करून घेऊ नये. पट्टी समुद्र थंड करू शकत नाही. पण समुद्र तापत असताना पट्टी नसती तर काय झाले असते, याचा विचार करावा.

तो विचार करायला आपल्याला अमेरिकेपर्यंत जावे लागत नाही. मुंबईच्या समुद्रात वाळूत राहणारी, चपट्या डोक्याची शेवंड पूर्वी ट्रॉलरच्या जाळ्यात भरपूर येई. १९८० च्या दशकात तिला परदेशात मागणी आली, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती इतकी नाहीशी झाली की मत्स्यशास्त्रज्ञांनी त्याला 'कोसळणे' असाच शब्द वापरला. तळावरून ओढल्या जाणाऱ्या जाळ्याने लहान-मोठी, नर-मादी, अंडी धरलेली-न धरलेली असा भेद केला नव्हता. जाळे भेद करतही नाही. भेद माणसाला करावा लागतो.

त्या काळात यांत्रिक बोटींसाठी कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावरून जात. त्यांत बोटीची किंमत असे, इंजिनाची अश्वशक्ती असे, डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांचे पगार, दर फेरीचे अपेक्षित उत्पन्न, हप्त्यांचे कोष्टक, सगळे असे. समुद्रात मासळी किती आहे आणि दरवर्षी त्यातली किती काढली तर ती टिकेल, याचा रकाना त्या छापील अर्जात नव्हता. ज्या तारणावर सारा व्यवहार उभा, त्या तारणाचे मूल्यांकनच नाही. शेतकऱ्याला कर्ज देताना बँक सातबारा पाहते. समुद्राला सातबारा नाही, म्हणून तो अमर्याद धरला गेला.

नियम आपल्याकडेही नाहीत असे नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे, आणि २०२१ मध्ये तो अधिक कडक झाला. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. आपल्या कोळ्यांनी नारळी पौर्णिमेपर्यंत बोट न लोटण्याचा संकेत कायद्याच्या कितीतरी आधीपासून पाळला आहे. केंद्र सरकारने २००३ साली निर्यातीच्या शेवंडीसाठी जातवार किमान वजने ठरवली. मुंबई-कोकणात मिळणाऱ्या चिखलातल्या शेवंडीला ती ३०० ग्रॅम आहे. केरळने २०१५ पासून, आणि महाराष्ट्राने २०२३ साली, बऱ्याच जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिले. कागद तयार आहे. पण निर्यातीच्या दारात अडलेली लहान शेवंड गावच्या बाजारात, पर्यटकांच्या खाणावळीत बिनदिक्कत येते. त्या ताटाला पट्टी कोण लावणार?

आणि इथे मला आपल्या चवीबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत. आपल्याला गाबोळी प्रिय. पोटाशी केशरी अंड्यांचा झुबका असलेली शेवंड आपण भाग्याची समजतो, आणि कोळीण ती कौतुकाने उलटी करून दाखवते. मेनच्या बोटीवर नेमकी तीच शेवंड खाच पाडून सोडली गेली असती. यात कोळणीला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या टोपलीत काय असावे हे शेवटी गिऱ्हाईक ठरवते. पोट जाळ्यावर असलेल्या माणसाला एकट्याने शहाणे व्हायला सांगणे हा अन्याय आहे. आज त्याने सोडलेली मादी उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात सापडणार असेल, तर ती त्याने का सोडावी? मेनच्या खाचेचे बळ कायद्याच्या कलमात कमी आणि 'पुढचाही सोडणार' या खात्रीत जास्त आहे. ती खात्री सोसायट्यांनी, गावोगावच्या कोळीवाड्यांनी आणि खाणाऱ्यांनी मिळून उभी करायची असते. आपल्याकडे मच्छीमार सहकारी सोसायट्या आहेत, कोळी जमातींच्या पंचांची परंपरा आहे. सामान तयार आहे, पाकक्रिया व्हायची आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. ज्यांची मुले तिकडे आहेत, त्यांनी उन्हाळ्यात गेल्यावर रोल अवश्य करून खावा. दुकानात तो आता तीस डॉलरच्या आसपास मिळतो, घरी त्याहून स्वस्त पडतो आणि चांगला होतो. इकडे मात्र मेयॉनीजच्या मागे लागू नये. आपल्या शेवंडीला आपली आमटी उत्तम आहे. इकडे आणायची ती पट्टी. बाजारात शेवंड घेताना ती उलटी करून पाहावी. पोटाशी अंडी असतील, किंवा तळहातावर वजन लागत नसेल, तर 'ही नको, मावशी' एवढे म्हणावे, आणि का नको तेही सांगावे. मावशी आधी हसेल. दहाव्या गिऱ्हाइकाने तेच सांगितले, तर ती घरी जाऊन नवऱ्याला सांगेल.